शिरपाची लायब्ररी आणि हौसाक्काची अंडी

ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. गळ्याशपथ. मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली आहे. म्हणजे डोळ्यांनी नाही, पण पाहणाऱ्या माणसाच्या तोंडून समोरासमोर ऐकलेली आहे. आता समोरासमोर म्हणजे तो फोनवर बोलत होता, तोही माझ्याशी नाही, त्याच्या मेहुण्याशी. मी मागच्या बाकावर होतो. पण एस.टी. थांबलेली होती, त्यामुळं शब्द न् शब्द नीट ऐकू आला. गावाचं नाव सांगत नाही. तिथं माझी सासुरवाड आहे. नसली, तरी त्या गावच्या बायकांशी वैर कोण घेणार?

तर एका गावात एक भोळा माणूस होता आणि त्याला कम्प्युटर येत होता.

नाव श्रीपती. आजोबांचं नाव ठेवलेलं. गावानं त्याचा शिरपा केला. शिरपा मंद नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. मंद माणूस सांगितलेलं विसरतो. शिरपा काहीच विसरत नसे. एकदा सांगितलं की दगडावरची रेघ. अडचण एवढीच, की ती रेघ कुठल्या दगडावर मारायची होती, हे त्याच्या ध्यानात राहत नसे.

कम्प्युटर घेऊन बी.एस्सी. झाला. पुण्यात नोकरीला लागला. पहिल्याच दिवशी साहेब म्हणाले, "काही अडलं तर माझं दार वाजवायचं. मी आत असलो की झालं." शिरपाला रविवारी अडलं. तो साहेबांच्या घरी गेला. साहेब आत होते. दार न्हाणीघराचं होतं. सोमवारी शिरपा गावाकडं परत आला.

बाप म्हणाला, "आता शेवटचं सांगतो. आत्तीकडं जा. तिनंबी परत लावलं, तर मामाच्या वीटभट्टीवर. तिथं डोकं वापरायचं काम न्हाई. डोक्यावर नुसत्या विटा ठेवायच्या."

शिरपाला विटांची भीती नव्हती. पण कम्प्युटरवर त्याचा फार जीव होता. तो आत्तीकडं गेला.

आत्ती म्हणजे बापाची बहीण, इंदुबाई. तिची गावात हॅचरी होती. हॅचरी म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायचा कारखाना, आणि कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड. शेडमध्ये तीन यंत्रं. एक थोरली पेटी. तिच्यात अंडी अठरा दिवस ऊब घेत बसतात. एक धाकटी पेटी. शेवटचे तीन दिवस अंडी तिच्यात, आणि तिथंच पिल्लं टोच मारून बाहेर येतात. तिसरा टेबलावरचा कम्प्युटर, जो दोन्ही पेट्यांवर नजर ठेवतो. थोरली पेटी लिलावातली. धाकटी नवीकोरी, पण स्वस्तातली. कम्प्युटर शाळेनं टाकून दिलेला. तिघांच्या पोटातल्या चिपा तीन वाणांच्या. एकीचं दुसरीला कळत नसे.

मिरजेच्या तांबोळी मॅडमनी आत्तीला नवा प्रोग्राम लिहून दिला होता. त्याचा जीव एका लायब्ररीत होता. ही लायब्ररी म्हणजे पुस्तकांचं कपाट नाही. किती ऊब द्यायची, किती ओलावा ठेवायचा, अंडी केव्हा कलती करायची, ही आत्तीच्या डोक्यातली सगळी अक्कल मॅडमनी एका गाठोड्यात बांधली होती. यंत्राला काही अडलं की त्यानं त्या गाठोड्याला विचारायचं. एकच गाठोडं, तिन्ही यंत्रांना सामायिक. मॅडमनी ते लिहून पाठवलं होतं. ते यंत्राच्या भाषेत बिल्ड करायचं आणि तिन्हीत बसवायचं, एवढंच शिरपाचं काम.

ते होईपर्यंत पेट्यांचा खटका आत्तीच्या हातात. उबेचा काटा चढला की बंद, उतरला की चालू. जेवतानाही तिचा एक डोळा काट्यावर असायचा. त्यामुळं भाकरी कधी कधी नाकाला लागायची.

आणि नेमकी तेव्हाच आत्तीनं गावातल्या सात बायकांची गावरान अंडी उबवायला घेतली. आधी या बायका तालुक्याच्या हॅचरीत अंडी द्यायच्या आणि कुणाचीही पिल्लं घेऊन यायच्या. आत्तीनं चारचौघींत शब्द दिला होता. "माझ्याकडं जिची अंडी तिचीच पिल्लं. एक जरी इकडचं तिकडं झालं, तर शेडला कुलूप घालीन."

सातांत पहिली हौसाक्का. तिची चंद्री नावाची कोंबडी होती. डोक्यावर पिसांचा तुरा, चाल पाटलिणीची. गेल्या आठवड्यात चंद्रीला मुंगसानं नेलं. मागं राहिली पाच अंडी. हौसाक्कानं ती भुशात घालून, पदराखाली धरून आणली.

"इंदे," ती म्हणाली, "ह्यातलं एक तरी जगलं पायजे. चंद्रीचा वंस बुडला, तर मी अंगणात कुणाला शिव्या घालू?"

"जगंल गं. माझं घरचं माणूस हाय आता कामाला."

घरचं माणूस तेव्हा टेबलाशी बसून बिल्ड करत होतं.

शिरपानं लायब्ररी कम्प्युटरवर बिल्ड केली आणि तीच उचलून तिन्ही यंत्रांत टाकली. कम्प्युटर चालला. थोरल्या पेटीनं लाल दिवा लावला. धाकटीनं तोही लावला नाही. शिरपानं मॅडमना फोन केला.

"अरे श्रीपती," मॅडम म्हणाल्या, "तिघांच्या चिपा वेगळ्या आहेत. एकीसाठी केलेलं दुसरीला कसं चालेल? प्रत्येकीसाठी वेगळं करायचं. कम्प्युटरसाठी एक, थोरलीसाठी एक, धाकटीसाठी एक."

"प्रत्येकीसाठी वेगळं. बरं. ध्यानात ठेवलं."

आणि त्यानं खरंच ध्यानात ठेवलं.

फोन ठेवतो न ठेवतो तोच आत्तीनं हाक मारली. "शिरप्या, सात जणी बसल्यात. च्या टाक."

शिरपानं चहा टाकला. प्रत्येकीसाठी वेगळा. एक कप पाणी, एक कप दूध, साखर, आलं, उकळी, गाळणं. कप दिला. पातेलं घासलं. पुसलं. मग दुसरा. दुसरीला आलं आवडत नव्हतं, तेही विचारून घेतलं. तिसरा चहा होईस्तोवर पहिली बाई घरी जाऊन जनावरं सोडून परत आली होती, आणि इथं चहा चाललाच होता. हौसाक्का शेवटून पहिली. तिला चहा मिळाला तेव्हा गावात जेवणाची वेळ झाली होती.

"हा च्या हाय का नवस?" हौसाक्का म्हणाली.

आत्ती आत आली. कपाळावर हात मारून घेतला. "आरं मुडद्या, च्या एकाच पातेल्यात करत्यात! समदं एकदाच घालायचं, एकत्र उकळायचं आन् सगळ्यांस्नी त्यातलाच वतायचा!"

"एकाच पातेल्यात. बरं. ध्यानात ठेवलं."

दुसऱ्या दिवशी शिरपा टेबलाशी बसला. मॅडमनी सांगितल्याप्रमाणं तिन्ही चिपांसाठी तीन वेगळ्या लायब्ररी बिल्ड केल्या. अगदी बरोबर केल्या. इथवर कुणी नाव ठेवलं नसतं. मग त्याला पातेलं आठवलं. त्यानं तिन्ही फायली एकापुढं एक चिकटवून एक फाईल केली आणि तीच तिघांत ओतली.

आता कम्प्युटरही बंद पडला.

"तिन्ही एकत्र कालवल्यास?" मॅडम म्हणाल्या. मागं त्यांच्या घरचा कुकर शिट्टी देत होता. "अरे, एकत्र द्यायला हरकत नाही, पण कालवायचं नाही. मिसळणाचा डबा असतो ना? डबा एक, आत खण वेगळे. तसं पाठवायचं. मग यंत्र आपलं आपण ओळखून घेतं. आपण सांगायला जायचं नाही."

"ज्याचं त्यानं ओळखून घ्यायचं. आपण सांगायला जायचं नाही. बरं. ध्यानात ठेवलं."

त्या दिवशी दुपारी आत्ती म्हणाली, "टोपल्यातली अंडी थोरल्या पेटीत लाव रे. मी काट्याकडं बघते."

सात टोपल्या होत्या. शिरपानं सातही टोपल्यांतली अंडी काढून सरसकट ट्रेमध्ये लावली. रुंद टोक वर, निमुळतं खाली, ओळीत, सुरेख. टोपल्या धुऊन उन्हात घातल्या.

आत्तीनं पेटीत डोकावलं. "ह्यातली हौसाक्काची कुठली?"

"ती आपली आपण ओळखून घेतील."

"कोण?"

"अंडी."

"आरं, अंडी काय ओळखत्यात?"

"आपण सांगायला जायचं नाही, आत्ती."

आत्ती जमिनीवर बसली. मग उठली आणि काट्याकडं बघून परत बसली. शेवटी सातही जणींना बोलावणं गेलं. प्रत्येकीनं ओळखायची आपापली अंडी. बायकांना त्यात काही अवघड वाटलं नाही. मालन म्हणाली, "माझ्या कोंबडीचं अंडं मी वळखायची न्हाई?" आणि तिनं एक अंडं उचललं. तेच अंडं आणखी तिघींनी ओळखलं. सगळ्यांत मोठं होतं ते. पण हौसाक्कानं आपली पाच अंडी ट्रेकडं बघताक्षणी वेगळी काढली. त्यांच्याबद्दल कुणी हूं की चूं केलं नाही, कारण ती लहान होती. बाकीच्या अंड्यांवर बरीच बोलाचाली झाली, मालनच्या सासूची आई निघाली, आणि दिवेलागणीला सगळी अंडी एकदाची वाटून झाली.

आत्तीनं शिरपाच्या हातात पेन्सिल दिली. "आता हरेक अंड्यावर नाव लिव्ह. मालकिणीचं नाव, कोंबडीचा रंग. ध्यानात ठेव शिरप्या, पेटीत जे जे आत जातंय, त्याच्यावर मालकाचं नाव पायजे."

"आत जातंय त्याच्यावर मालकाचं नाव. बरं. ध्यानात ठेवलं."

शिरपाचं अक्षर चांगलं. हौसाक्का, तांबडी तुरेवाली. मालन, काळी. शेवंता, पांढरी, एक पाय अधू. एकूण एक अंडं लिहून झालं. आत्ती पहिल्यांदा त्याला म्हणाली, "शाना हायस." शिरपा त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं तीन लायब्ररी केल्या, तीन खणांत ठेवल्या, डबा नीट लावला. मग पेटीत घालायच्या आधी त्याला आठवलं, आत जातंय त्याच्यावर मालकाचं नाव पाहिजे. त्यानं लायब्ररींची नावं बदलली. एकीचं केलं 'इंदुबाई, थोरली पेटी, हिरवी, पत्रा गंजका.' दुसरीचं 'इंदुबाई, धाकटी पेटी, पांढरी.' कम्प्युटरच्या लायब्ररीवर शाळेचं नाव घातलं, कारण मूळची मालकीण तीच.

तिन्ही यंत्रं ठप्प.

"नाव कशाला बदललंस?" मॅडमचा आवाज आता जरा पातळ झाला होता. "श्रीपती, नीट ऐक. प्रोग्राम त्या लायब्ररीला नावानं हाक मारतो. नावच बदललं तर ओ कोण देणार? आत काय असेल ते असू दे. थोरलीचं वेगळं, धाकटीचं वेगळं. पण वरचं नाव सगळीकडं एकच ठेवायचं. एकच!"

"आत काहीही असो, वरचं नाव एकच. बरं. ध्यानात ठेवलं."

"आणि जुनी नावं पुसून टाक."

"पुसून टाकतो."

शिरपानं तीन फायलींची नावं नीट केली. हात तिथंच थांबता, तर ही गोष्ट झाली नसती. पण समोर थोरली पेटी होती, आणि तिच्यात इतकी सगळी वेगवेगळी नावं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलेली होती. त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्यानं शेजारच्या पोराचा खोडरबर आणला. एकेक अंडं हळूच उचललं, नाव पुसलं, फुंकर मारली आणि वर एकच नाव लिहिलं. कुठलं लिहायचं, याचा त्यानं थोडा विचार केला. पहिल्या ट्रेमधलं पहिलं अंडं हौसाक्काचं होतं.

संध्याकाळी शेवंता आपली अंडी बघायला आली. वाचता येत होतं तिला. एक ट्रे वाचला. दुसरा वाचला. मग ती शेडच्या दारात जाऊन ओरडली, आणि ते वरच्या आळीपर्यंत ऐकू गेलं.

बायका जमल्या. हौसाक्का सगळ्यांच्या मागून आली, चष्मा पुसत. तिनं एक अंडं हातात घेतलं. दुसरं घेतलं. "माझंच नाव हाय की," ती म्हणाली. "अक्षर ब्येस हाय."

"व्हय, आन् माझी कुठायत?" मालन म्हणाली. "तुझ्या पोटात?"

"मी काय लिव्हायला आले व्हते?"

"तुला नकोत व्हय? नको म्हण मग! म्हण की!"

हौसाक्का काही नको म्हणाली नाही. तिनं चष्मा परत पुसला.

आता परत ओळखायला लावलं तर शेडला आग लागली असती. आत्तीनं तोडगा काढला. तो तिला गिळावा लागला, कारण दिलेला शब्द त्यात अर्धा मोडत होता. जिनं जितकी अंडी दिली, तितक्या हिशेबानं तिला पिल्लं. मात्र चंद्रीची पिल्लं हौसाक्काचीच. ती ओळखू येणार होती. तुऱ्याच्या कोंबडीच्या पिल्लाला जन्मतःच डोक्यावर कापसाच्या बोळ्यासारखा गोंडा असतो. बायका कुरकुरत गेल्या. जाताना मालन म्हणाली, "इंदुवैनी, कुलूप आणून ठिवा."

बायका गेल्यावर आत्ती शिरपाकडं वळली. ओरडली नाही. तेच वाईट होतं.

"शिरप्या, माझी इज्जत त्या पेन्सिलीच्या अक्षरात व्हती रं. तू ती खोडरबरानं पुसलीस. आता एकच ध्यानात ठेव. काई झालं तरी पुसायचं न्हाई. जे हाय ते ऱ्हाऊ द्यायचं."

"काही झालं तरी पुसायचं नाही. बरं," शिरपा म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "ध्यानात ठेवलं."

पुढं त्यानं अंड्यांकडं वाकडा डोळा केला नाही. मन लावून लायब्ररीचं काम करत राहिला. मॅडम रोज काही ना काही सुधारून पाठवत. तो रोज बिल्ड करी. कालची तशीच ठेवी, परवाचीही. शिवाय पेटीत छोटे छोटे प्रोग्राम होते, एक ऊब बघणारा, एक ओलावा बघणारा, एक पंखा फिरवणारा. त्या प्रत्येकाच्या उशाला त्यानं लायब्ररीची एकेक प्रत ठेवली, कालच्या आणि परवाच्या प्रतींसकट. एके सकाळी थोरल्या पेटीनं कळवलं की जागा संपली. पंखा फिरायचा थांबला. आत्तीला पुठ्ठ्यानं वारा घालावा लागला.

मॅडमनी मिरजेहूनच, आपल्या कम्प्युटरवरून, आत डोकावून पाहिलं. त्यांना जे दिसलं ते पाहून त्या हसायलाच लागल्या. थकलेलं माणूस हसतं तशा.

"श्रीपती, सगळीकडं सारख्याच प्रती रे! अरे, याला सामायिक का म्हणतात? तुमच्याकडं बांधावर सामायिक विहीर असते की नाही? सात रानं असली तरी विहीर एक. प्रत्येकानं आपली खणत बसायची नसते. तसंच हे. एक प्रत ठेव, सगळ्यांना सापडेल अशा जागी. ज्याला लागेल तो तिथं येऊन वापरेल. बाकीच्या सगळ्या काढून टाक. एकीवर सगळ्यांचं भागतं."

"पण आत्ती म्हणाली, पुसायचं नाही."

"पुसू नको. काढून टाक."

"एक ठेवायची, सगळ्यांना सापडेल अशी. बाकीच्या काढून टाकायच्या. एकीवर सगळ्यांचं भागतं. बरं. ध्यानात ठेवलं."

आणि या वेळी, ऐका, शिरपानं सांगितलेलं सांगितलेल्याच जागी केलं. प्रत्येक यंत्रात त्या त्या चिपेची एकच प्रत ठेवली. नाव एक. खण वेगळे. बाकीच्या काढून टाकल्या. आणि तिन्ही यंत्रं चालली. एकाच दिवशी, एकाच वेळी, बिनतक्रार. थोरलीचा दिवा हिरवा, धाकटीचा हिरवा, कम्प्युटरवर दोन्ही पेट्यांचे आकडे. आत्तीनं खटक्यावरचा हात काढला. बोटं सरळ व्हायला थोडा वेळ लागला. मॅडम म्हणाल्या, "शाब्बास श्रीपती." आत्ती म्हणाली, "तुझ्या बापाला सांगते, वीटभट्टी ऱ्हाऊ दे."

अंडी धाकट्या पेटीत गेली. शेवटचे तीन दिवस त्यांना कुणी हात लावायचा नसतो. शिरपानं लावला नाही. पेटीसमोर स्टूल टाकून बसून राहिला. तिसऱ्या दिवशी उजाडताना आतून टक टक ऐकू आलं. मग चिवचिव. मग इतकी चिवचिव, की शेडवरच्या चिमण्या गप्प झाल्या.

आत्तीनं काचेतून बघितलं. ओली, वाळलेली, पडती, उठती, पेटीभर पिल्लं. "मी सगळ्या जणींना घेऊन येते," ती म्हणाली. "पिल्लं वाळली की बाहेर काढ. कट्ट्यावर मांड, सगळ्यांस्नी दिसतील अशी. आन् मोजू-बिजू नको, वाटणी मी करीन."

ती चप्पल न घालताच गेली.

सात घरं फिरून, सात जणींचा चहा नको म्हणून, सगळ्यांना घेऊन आत्ती परत आली तेव्हा ऊन कट्ट्यावर आलं होतं. कट्ट्यावर मोठा ट्रे होता. ट्रेमध्ये स्वच्छ भुसा. भुशाच्या मधोमध एक पिल्लू.

शिरपा शेजारी उभा होता. भांग पाडलेला होता.

"पिल्लं कुठायत?" आत्ती म्हणाली.

"हे काय."

"हे एक झालं. बाकीची?"

"बाकीची काढून टाकली. सारखीच होती."

पिल्लू चिवचिवलं.

"सगळ्यांत आधी जे निघालं ते ठेवलंय," शिरपा समजावून सांगू लागला. "सामायिक. सगळ्यांना सापडेल अशा जागी. जिला लागेल तिनं इथं यायचं आणि वापरायचं."

"वापरायचं म्हंजे?" मालन म्हणाली.

"बघायचं. दाणे टाकायचे. मोठं झालं की अंडी."

"सात जणींत एक कोंबडी?"

"विहीर नाही का सात रानांना पुरत?"

हौसाक्का पुढं झाली. पिल्लू उचलून तिनं डोळ्यांजवळ नेलं. त्याच्या डोक्यावर कापसाचा बोळा ठेवावा तसा गोंडा होता. "चंद्रीचं हाय," ती म्हणाली. तिचा आवाज एकदम लहान पोरीसारखा झाला. "इंदे, गोंडा बघ. चंद्रीचं हाय गं!"

"तुझं झालं!" शेवंता कडाडली. "आमची कुठायत ते विचार आधी!"

आत्तीनं शिरपाच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले. "शिरप्या. सोन्या. काढून टाकली, म्हंजे कुठं टाकलीस?"

"रस्त्यावर टेम्पो उभा होता, मागं मोकळा. डायवर च्या पीत होता. हौद्यात ठेवली. भुसा घातला खाली, गार लागू नये म्हणून. वर जाळी टाकली."

"कुणाचा टेम्पो?"

"ठाऊक नाही."

"कुठं गेला?"

"पुढं."

"नंबर?"

"नंबर बघायला कुणी सांगितलं नव्हतं."

आत्तीचे हात खाली आले. तिनं शेडच्या दाराकडं बघितलं, जिथं कुलूप लागणार होतं. "त्याच्यावर काई नाव-बिव तरी व्हतं का रं? कायतरी लिव्हलेलं असतंय की मागं."

"नाव नव्हतं," शिरपा म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. कारण हे मात्र त्यानं ध्यानात ठेवलं होतं. "पण आत्ती, तूच म्हणालीस ना, आत जातंय त्याच्यावर मालकाचं नाव पाहिजे? मी खडू घेऊन गेलो. मागच्या फळीवर लिहिलं. मोठ्या अक्षरात."

"आरं माझ्या राजा!" आत्तीच्या जिवात जीव आला. "मग सापडंल! साती जणींची नावं लिव्हलीस न्हवं?"

"सात कशी?" शिरपा म्हणाला. "आत काहीही असो, वरचं नाव एकच ठेवायचं असतं."

सहा जणी सावकाश हौसाक्काकडं वळल्या.

आता यातलं खोटं काय तेही सांगून टाकतो, नाहीतर उद्या कुणीतरी कम्प्युटरवाला मला गाठायचा. तिन्ही यंत्रांवर लायब्ररी एकाच दिवशी, एकाच वेळी, बिनतक्रार चालली असं मी मघाशी म्हणालो, ते रचलेलं आहे. तसं कधी होत नसतं. पिल्लं निघेपर्यंत खटका आत्तीच्याच हातात होता. बाकी सगळं खरं. तो टेम्पो परवाच आमच्या फाट्यावरून गेला. खडू पुसट झालाय, पण वाचता येतो.